फायनल इयरची फिगरेटिव्ह सिरीज, विडीवाल्या बायका आणि स्कॉलरशिप-अवॉर्डचं नेमकं काय करायचं?

पूर्वभागातली:
नमस्कार सगळ्यांना. मी बीएफए पेंटिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, कॉलेज पुण्यात आणि घर सोलापूरला पूर्व भागात. एप्रिलमध्ये डिस्प्ले आणि जुरी, त्याच्या आत फायनलची सिरीज उभी करायची आहे. विषय माझा ठरलाय, विडी वळणाऱ्या बायका. आई नाही वळत, पण माझी पेद्दम्मा (आईची मोठी बहीण) विडी घरकुलात राहते, तिच्या गल्लीतल्या सात-आठ जणी दुपारी एका ओसरीवर सुपं घेऊन बसतात, हे मी लहानपणापासून बघत आलेय. चार बाय पाच फुटी कॅनव्हास, ऑईल, माणसं जवळपास लाईफ साईझ, कुणी एकटी, कुठं दोघी-तिघी, असं डोक्यात आहे.

आता अडचणी. एक म्हणजे आमचे गाईड सर म्हणतात की फिगर तुला येते हे आम्हाला सेकंड इयरलाच कळलंय, पण यात तुझं म्हणणं काय, हे तर नुसतं डॉक्युमेंटेशन झालं, त्यापेक्षा तेंदूपत्त्याचं इन्स्टॉलेशन कर, ते कंटेंपररी दिसेल. सर वाईट नाहीत, कामाला बळ देतात, पण मला पान चिकटवायचं नाहीये मला माणूस रंगवायचाय, हे त्यांना कसं सांगू कळत नाही. दुसरं, पैसे. बाबा यंत्रमागावर आहेत, एवढ्या साईझचे कॅनव्हास, स्ट्रेचर (कॅनव्हास ताणायची लाकडी चौकट), रंग, सगळं घरून मागणं बरोबर वाटत नाही. फिगरेटिव्ह काम करणाऱ्या स्टुडंट्सना कसल्यातरी ग्रँट मिळतात असं ऐकलंय, कुणी भरलाय का फॉर्म? आणि तिसरं, फोटोवरून करू का समोर बसवून? समोर बसवलं तर त्यांचं काम थांबतं, फोटोवरून केलं तर सगळं चपटं यायलंय.

जरा सविस्तर सांगा प्लीज.

लिनसीड:
आधी पैशाचं बोलू, कारण फिगर विरुद्ध कंटेंपररी हे भांडण तुझी नातवंडं पण भांडणार आहेत.

तू ऐकलंयस ते बहुतेक एलिझाबेथ ग्रीनशील्ड्स फाऊंडेशन. कॅनडात माँट्रियलला आहे, १९५५ साली चार्ल्स ग्रीनशील्ड्स नावाच्या माणसानं आपल्या आईच्या नावानं काढलेलं. ते पैसे देतात फक्त फिगरेटिव्ह म्हणजे माणसं-वस्तू ओळखू येतील असं रिप्रेझेंटेशनल काम करणाऱ्यांना, पेंटिंग, ड्रॉइंग, प्रिंटमेकिंग, शिल्प एवढंच. ॲबस्ट्रॅक्ट चालत नाही, फोटो-व्हिडिओ चालत नाही. म्हणजे तुझ्या सरांना जे खटकतंय तीच तिथली पहिली अट, बघ गंमत. कुठल्याही देशाचा माणूस भरू शकतो, करिअरच्या सुरुवातीला असला पाहिजे, शिकत असतानाही चालतं, आणि आयुष्यात जास्तीत जास्त तीनदा मिळू शकते. रक्कम कॅनेडियन डॉलरमध्ये पाच आकडी असते, आत्ताचा आकडा त्यांच्या साईटवर बघून घे. पण जगभरातून अर्ज जातात आणि निकालाला वेळ लागतो, त्यामुळे एप्रिलचे कॅनव्हास त्याच्या भरवशावर उधारीत आणू नको. ते पास झाल्यानंतरच्या वर्षासाठी. खरं मरण त्याच वर्षी असतं, कॉलेजचा स्टुडिओ सुटतो, नोकरी नसते आणि घरात चार बाय पाचचा कॅनव्हास ठेवायचा कुठं हाच प्रश्न असतो.

देशातलं म्हणशील तर संस्कृती मंत्रालयाची यंग आर्टिस्ट स्कॉलरशिप आहे, सीसीआरटी ही त्यांचीच संस्था राबवते. वय १८ ते २५, महिना ५००० रुपये, दोन वर्षं. ती पुढं कुणाकडे तरी शिकत राहण्यासाठी असते, कुठल्या गुरूकडे किंवा संस्थेत शिकणार ते दाखवावं लागतं. तुझ्या वयाला एकदम बरोबर बसते, चुकवू नको. आपल्या राज्याचं बघायचं तर कला संचालनालयाचं राज्य कला प्रदर्शन, त्यात विद्यार्थी विभाग आणि कलाकार विभाग वेगळे असतात. यंदा तू विद्यार्थी आहेस, पुढच्या वर्षी थेट मोठ्यांच्या रांगेत उभं राहायचंय, म्हणून एन्ट्रीचं ऑफिसात उद्याच विचार, नोटीस बोर्डवर लागेल म्हणून थांबू नको, आमच्या वेळी नोटीस लागायची आणि तारीख गेलेली असायची.

बॉम्बे आर्ट सोसायटीचं वार्षिक प्रदर्शन पण आहे, ही संस्था १८८८ सालची. अमृता शेरगिलला १९३७ ला तिथंच सुवर्णपदक मिळालं होतं, तीन मुलींच्या चित्राला. तीन बायका नुसत्या बसल्यात, बाकी काही नाही चित्रात. तुझ्या सरांना दाखव. आणि कोचीला बिएनालेबरोबर (दर दोन वर्षांनी भरणारं मोठं कलाप्रदर्शन) २०१४ पासून स्टुडंट्स बिएनाले होते, तिथं फिगरला बंदी नाही, फक्त पोर्ट्रेटची सफाई बघून कुणी हुरळून जात नाही एवढं लक्षात ठेव.

ड्रॉइंगमास्तर (निवृत्त):
बेटा, तुझा प्रश्न वाचून बरं वाटलं. मी सोलापुरात शाळेत चित्रकला शिकवली, एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांना पोरं बसवली, त्यातली बरीच पूर्व भागातलीच असायची. वस्तुचित्रात आम्ही तांब्या-भांडं मांडायचो आणि ही पोरं घरी जाऊन मागाचा धोटा काढून आणायची. असो, विषयावर येतो.

तुझे सर जे विचारतात त्यात चुकीचं काही नाही. ‘यात तुझं म्हणणं काय’ हा प्रश्न रास्त आहे. फक्त त्याचं उत्तर इन्स्टॉलेशनच असलं पाहिजे असं नाही, उत्तर फिगरमधूनही देता येतं. तू केटे कोल्वित्झ बघितली आहेस का? जर्मन बाई, चित्रकर्ती. नवरा डॉक्टर, बर्लिनच्या कामगारवस्तीत त्याचा दवाखाना, आणि तिथं येणारी माणसं हिच्या रोजच्या बघण्यातली, तुझ्या पेद्दम्माच्या ओसरीसारखंच ते. तिनं १८९३ ते १८९७ या काळात विणकरांच्या बंडावर एक मालिका केली. सोलापूरच्या पोरीला विणकर म्हणजे काय हे मी सांगायला नको. सहाच चित्रं, तीन लिथोग्राफ (दगडावरून काढलेले छाप) आणि तीन एचिंग (धातूच्या पत्र्यावरून काढलेले). पहिल्यात एक आजारी मूल अंथरुणात, आई डोकं धरून बसलेली आणि मागं अंधारात माग. दुसऱ्यात मृत्यू. मग टेबलाभोवती चार माणसं कुजबुजतायत, मग मोर्चा, मग मालकाच्या फाटकावर हल्ला, आणि शेवटी घरात आणून ठेवलेली प्रेतं. बघ, प्रत्येक चित्रात फक्त माणसंच आहेत, सगळी ओळखीची, अगदी नीट ड्रॉइंग केलेली. पण सहा चित्रं ओळीनं लावली की तिचं म्हणणं काय हे विचारायची कुणाची हिंमत होत नाही.

आता अवॉर्डचं. १८९८ साली बर्लिनच्या मोठ्या प्रदर्शनात ज्युरींनी या मालिकेला सुवर्णपदक द्यावं अशी शिफारस केली, ज्युरीत मेन्झेलसारखा बुजुर्ग चित्रकार होता. जर्मनीचा सम्राट कैसर विल्हेल्म, त्यानं ते नामंजूर केलं. पुढच्या वर्षी ड्रेस्डेनला तिला पदक मिळालं. म्हणजे कैसर नको म्हणाला म्हणून काम अडलं नाही, आणि पदक दिलं नसतं तरी आपण आज तिच्याबद्दलच बोललो असतो.

माझं सांगणं एवढंच की सात-आठ कॅनव्हासवर सात-आठ बायका सूप घेऊन बसलेल्या असं करू नकोस. जुरीतला माणूस पहिल्या दोन चित्रांपुढं थांबेल आणि उरलेली चालता चालता बघेल. विडीचा अख्खा दिवस घे. पानं भिजवणं, पत्र्याचं माप ठेवून कात्रीनं पान कापणं, वळणं, बंडलं बांधणं, आणि दुपारनंतर विडी कंपनीच्या ब्रँचवर जाऊन माल देणं. ब्रँचवरचं चित्र तुझं सगळ्यात मोठं चित्र होऊ शकतं, कारण तिथं पलीकडं मोजणारा माणूस आहे, खराब म्हणून बाजूला टाकलेल्या विड्या आहेत, आणि त्या बाजूला टाकलेल्या ढिगाकडं बघणारे चेहरे आहेत. सर जे ‘म्हणणं’ मागतात ते तिथं आपोआप येतं, पान चिकटवायची गरज नाही.

चिवडागल्ली:
आपले चित्रकार हुसेन पंढरपूरचे, १९१५ चा जन्म, मुंबईत सिनेमाचे होर्डिंग रंगवून पुढं आले. चार बाय पाचला घाबरतीस व्हय? होर्डिंगवर हिरोचं नाक तेवढं असतंय 😄

कुंभारीकर:
मी चित्रकार नाही, आयटीत आहे, पण आई आयुष्यभर विड्या वळत होती म्हणून लिहितोय. कडू वाटलं तर माफ कर ताई.

विडीवाल्या बायकांची चित्रं आणि फोटो मी भरपूर बघितलेत, पेपरात, कॅलेंडरवर, एनजीओच्या रिपोर्टात. सगळीकडं तीच बाई. सुरकुतलेली, डोळ्यांत पाणी, मागं काळोख, एका बाजूनं उजेड. आमच्या घरात असं कधी नव्हतं ओ. दुपारी टीव्हीवर तेलुगू सिरीयल लावलेली असायची, चौघीजणी सिरीयलमधल्या सासूला शिव्या घालत वळायच्या, मध्येच एखादी उठून सगळ्यांसाठी चहा टाकायची. आई वळताना हाताकडं बघायचीच नाही. टीव्हीकडं बघायची, माझ्या वहीकडं बघायची, दारात कोण आलं ते बघायची, आणि बोटं आपली खाली चालूच. मला तर वाटतंय ह्या गोष्टीचं एक तरी चित्र व्हायला पाहिजे. सगळे चित्रकार हाताकडं बघणारी बाई काढतात कारण ते तसं बसवून घेतात.

आणि ह्या बायका बिचाऱ्या-बिचाऱ्या म्हणून रंगवू नको. लाल बावटा घेऊन मोर्चे काढून काढून यांनीच कुंभारीला गोदूताई परुळेकर वसाहतीत दहा हजार घरं मिळवली, २००६ ला चाव्या मिळाल्या. नंतर रे नगर झालं, त्यातली १५,००० घरं २०२४ च्या जानेवारीत मिळाली. माझी आई मोर्चाला जाताना चांगली साडी नेसून, गजरा घालून जायची. ते काढ की.

दुसरं, समोर बसवायचं म्हणतेस तर पैसे दे. हजार विड्यांवर मजुरी आहे त्यांची. दोन तास तुझ्यासमोर न हलता बसली म्हणजे दोन तासांच्या विड्या गेल्या, आणि नात्यातली पोरगी म्हणून ती मागणार नाही. तूच हिशोब करून दे, त्या दिवशी जेवढ्या कमी झाल्या तेवढ्याचे. तुमच्या कॉलेजात मॉडेलला पैसे मिळतात ना? मग घरकुलातली मॉडेल फुकट का?

पूर्वभागातली:
कुंभारीकर दादा, कडू नाही, उलट हेच कुणीतरी सांगायला पाहिजे होतं. टीव्हीचं तर अगदी खरं, पेद्दम्माकडं पण तसंच आहे आणि मी स्केच करताना मुद्दाम टीव्ही वगळत होते, चित्रात बरा दिसत नाही म्हणून. पैशाचं तिला विचारलं तर ओरडली माझ्यावर, मग शेजारच्या अक्काला सांगितलं की आजच्या बसण्याचे एवढे, तर ती लगेच म्हणाली उद्या पण ये 😄 पेद्दम्माला आता पैसे न देता तेवढा वेळ तिची पानं कापून द्यायचं ठरवलंय, तिच्या मते मी फार वाकडी कापते.

मास्तर, कोल्वित्झची ती मालिका रात्री बसून बघितली. ब्रँचचं चित्र करणार हे नक्की. पण तिथं आत बसून स्केच करायला देतील का माहीत नाही, बाहेर रांगेतून बघून मनानं करावं लागेल बहुतेक. सरांना अजून काही बोलले नाही, आधी छोटं ऑईल स्केच करून मग दाखवते.

लिनसीड दादा, फॉर्ममध्ये स्टेटमेंट लिहायचं असतं ना, त्यात काय लिहायचं? आणि असल्या फाऊंडेशनला कसलं काम आवडतं, जरा गुळगुळीत ॲकॅडमिक लागतं का? तसं असेल तर त्या हिशोबानं दोन कॅनव्हास करू का?

आर्मेचर:
नको. शेवटच्या ओळीसाठीच लॉगिन केलं.

मी शिल्पवाला. अवॉर्डच्या हिशोबानं काम करणारे माझ्या बॅचला बरेच होते, गेल्या वर्षी बक्षीस मिळालेल्याची पाटिना (शिल्पाला वरून दिलेली रंगाची झाक), त्याचीच पोझ, फक्त म्हातारा बदलून म्हातारी. एका स्पर्धेत (नाव नको) एकाच रांगेत चार कष्टकरी म्हातारे डोक्याला मुंडासं बांधून बसले होते, मी मोजले. एकालाही बक्षीस नाही. आणि मिळालं असतं तरी काय, पुढच्या वर्षी पाचवा म्हातारा.

पैशाचा प्रश्न खरा आहे, तो मी उडवून लावत नाही. पण त्याची दोन उत्तरं असतात, जास्त पैसे आणणं किंवा मटेरियल बदलणं. रामकिंकर बैज यांचं संथाळ कुटुंब, १९३८, शांतिनिकेतनला उघड्यावर उभं आहे. ब्राँझ नाही, संगमरवर नाही. सिमेंट आणि तिथलीच लाल लॅटराईटची खडी. लाईफ साईझपेक्षा मोठी माणसं, बाई-बाप्या-पोर-कुत्रं घेऊन कामाच्या शोधात निघालेलं बिऱ्हाड, आणि ज्या मातीवरून निघालेत तीच अंगात. तुला ऑईलच पाहिजे का? चित्तप्रसादांनी बंगालच्या १९४३ च्या दुष्काळातली माणसं शाईनं कागदावर केली, नंतर मुंबईत राहून लिनोकट केले, लिनोचा तुकडा, चाकू आणि शाई, झाला स्टुडिओ. मोठ्या कागदावर चारकोलनं लाईफ साईझ फिगर केल्या तर तुझा निम्मा खर्च वाचेल आणि ग्रीनशील्ड्सवाले ड्रॉइंग घेतातच की.

लिनसीड:
आर्मेचर, चारकोलची आयडिया झकास आहे, पण अवॉर्डच्या नावानं एवढं नाक मुरडायचं कारण नाही. तुझं बरोबर की हिशोब करून काम करू नये. पण केलेलं काम पाठवायला काय जातंय? वासुदेव कामतांना २००६ ला अमेरिकेच्या पोर्ट्रेट सोसायटीचं ड्रेपर ग्रँड प्राईझ मिळालं ते बायकोच्या पोर्ट्रेटला. घरातलंच माणूस, रोज समोर दिसणारं. त्यांनी ते कपाटामागं ठेवलं असतं तर? आपल्याकडं छोट्या गावची पोरं फॉर्मच भरत नाहीत, हे माझं दुखणं आहे. पुण्या-मुंबईच्या पोराला कुणीतरी कँटीनमध्ये सांगतं की अमुक तारीख आहे, सोलापूरच्याला तारीख उलटल्यावर कळतं.

पूर्वभागातली, स्टेटमेंटमध्ये ‘माझी कला समाजातील उपेक्षित घटकांच्या वेदनेला वाचा फोडते’ असलं काही लिहिलंस तर मी सोलापूरला येऊन फटके देईन. तू इथं पहिल्या पोस्टमध्ये लिहिलंस ना, पेद्दम्मा, ओसरी, सात-आठ जणी, तेच लिही. काय रंगवतेस, कुणाला रंगवतेस, पैसे मिळाले तर कशावर खर्च करणार, बस. मॉडेलला मजुरीच्या दरानं पैसे देतेस हे पण लिही, खर्चाच्या भागात. आणि एकाच सिरीजची कामं पाठव. सेकंड इयरचा लाईफ स्टडी, थर्ड इयरचा गणपती, फायनलचं एक, अशी भेळ नको.

सरांसाठी अजून एक दारूगोळा देतो. १९८१ ला मुंबईत आणि दिल्लीत ‘प्लेस फॉर पीपल’ नावाचं प्रदर्शन झालं होतं, भूपेन खख्खर, गुलाम शेख, विवान सुंदरम, नलिनी मलानी, जोगेन चौधरी, सुधीर पटवर्धन असे सहाजण. त्यांचं सगळ्यांचं काम फिगरेटिव्ह आणि ते त्या काळी ॲबस्ट्रॅक्टच्या लाटेपुढं ठाम उभे राहिले होते. पटवर्धन तर ठाण्यात रेडिओलॉजिस्ट म्हणून प्रॅक्टिस करत करत कामगार, लोकल, इराणी हॉटेलात बसलेली माणसं रंगवत होते. त्यांच्या फिगरमध्ये ॲनॅटमी अशी कुठं कुठं ओढलेली, जाड केलेली असते, फोटोसारखी नसते, आणि तुझ्या ‘चपटं येतंय’ ह्याचं उत्तर मला वाटतं तिथं आहे. मोबाईलनं जवळून फोटो काढलास की वाईड लेन्समुळं पुढचा गुडघा आणि सूप अवाढव्य होतात, डोकं लहान होतं, आणि सावल्या काळ्या ठप्प. ते जसंच्या तसं उतरवलं की चित्र फोटोची नक्कल दिसतं. बसून अर्ध्या-अर्ध्या तासाची ड्रॉइंग कर, रंगाच्या नोंदी जागेवर कर, फोटो फक्त साडीची नक्षी आणि भिंतीवरचं कॅलेंडर विसरू नये म्हणून.

कुंभारीकर:
कॅलेंडर म्हणजे मार्कंडेय महामुनींचं असणार, पैज लाव 😄

पूर्वभागातली:
पैज जिंकलात. आणि त्याच्यावरच दूधवाल्याचा हिशोब लिहिलाय.

बरं, ठरलं असं की पाच मोठी कामं करायची. तीन ऑईल आणि दोन चारकोल, ब्रँचचं आणि मोर्चाला निघालेल्या बायकांचं चारकोलमध्ये, कारण त्यात माणसं जास्त आहेत. सरांना छोटी स्केचेस दाखवली. ब्रँचचं बघून बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले टेबल अजून खाली घे, मोजणाऱ्याचा चेहरा कापला गेला तरी चालेल. इन्स्टॉलेशनचं नाव काढलं नाही. मोर्चाचं त्यांना अजून पटलेलं नाही, म्हणाले पोस्टर होतंय. ते मला पण जरा वाटतंय खरं.

आता एक टेक्निकल. कॅनव्हास विकतचा न घेता इथलंच मागावरचं कोरं सुती कापड घेऊन तयार केलं तर चालेल का? बाबांच्या ओळखीनं रुंद पन्ह्याचं मिळतंय, अगदी स्वस्तात.

लिनसीड:
चालेल, पण कापड जाड आणि घट्ट विणीचं घे, चादरीचं किंवा टॉवेलचं नको, साध्या विणीचं. आधी धुऊन घे, कांजी निघाली पाहिजे आणि आटायचं ते आटू दे. मग स्ट्रेचरवर ताणून पातळ केलेल्या फेविकॉलचा हात दे, तो सुकला की जेसोचे (रंगाखालचं पांढरं अस्तर) दोन-तीन हात, मध्ये मध्ये पॉलिश पेपर. साईझिंग, म्हणजे तो फेविकॉलचा हात, चुकवू नकोस, कोऱ्या सुतावर थेट ऑईल गेलं की रंगातलं लिनसीड (जवसाचं) तेल धाग्यात मुरतं आणि काही वर्षांत कापड कुजून तुकडे पडतात. स्ट्रेचरला मध्ये आडवी पट्टी मारून घे, एवढ्या साईझला नाहीतर पोट येतं. सुतारालाच सांग पट्टीची आतली कड थोडी उतरती तासायची, नाहीतर कॅनव्हासवर कडेची रेघ उठते.

वाळण्याचं बघ. एप्रिलमध्ये सोलापूरचा उन्हाळा ४० च्या वर, तो तुझ्या बाजूनं आहे, पण तरी पहिले थर टर्पेंटाईननं पातळ आणि वरचे तेलकट असाच क्रम ठेव, उलट केलंस की तडे जातात. तुझ्या चित्रात पान आणि तंबाखूचे ब्राऊन भरपूर येणार, त्यात बर्न्ट अंबर, रॉ अंबर लवकर वाळतात. साड्यांतल्या लालसाठी अलिझरिन वापरशील तर ते फार सावकाश वाळतं, ते शेवटच्या आठवड्यात जाड लावू नको.

आर्मेचर:
मोर्चाचं चित्र पोस्टर होतंय असं तुला आणि सरांना दोघांना वाटतंय ना, मग झेंडा काढून टाक. झेंडे आणि घोषणांचे बोर्ड चित्रातून घालवायचे आणि नुसत्या निघालेल्या बायका ठेवायच्या, गजरा, पर्स, हातात पाण्याची बाटली, एखादी चपलेचा अंगठा तुटलाय म्हणून वाकलेली. कुंभारीकरची आई चांगली साडी नेसून निघते ते पाहिजे त्यात. मद्रासला मरीना बीचवर देवीप्रसाद रॉयचौधरींचं श्रमाचा विजय शिल्प आहे, १९५९ ला बसवलेलं, चार माणसं धोंडा उचलतायत. त्यात पण झेंडा नाहीये, फक्त पाठी आणि मांड्या.

कुंभारीकर:
झेंडा काढू नका राव, तेवढाच तर आईनं जपून ठेवलाय.

आर्मेचर:
मग दुमडून हातात दे एकीच्या. अजून चौकात पोचायच्यात.

ड्रॉइंगमास्तर (निवृत्त):
हे छान. दुमडलेला असू दे. चारकोलला फिक्सेटिव्ह (भुकटी झडू नये म्हणून मारायचा फवारा) मारायला विसरू नकोस बेटा, आणि घराबाहेर जाऊन मार, वासानं डोकं धरतं.

एक सुचवतो. पुण्याला नेण्याआधी ही सगळी कामं एक दिवस घरकुलातच लाव, ओसरीवर नाहीतर समाजमंदिरात. जुरीआधी त्यांनी बघितलेलं बरं. त्या चुका काढतील, सूप असं धरत नाहीत, पान असं ठेवत नाहीत, आणि त्या चुका पुण्यातल्या जुरीला दिसणार नाहीत. मी जवळच राहतो, बोलावलंस तर येईन.

पूर्वभागातली:
नक्की या मास्तर, पेद्दम्मा म्हणते सगळ्यांना जेवायलाच घालू, कडक भाकरी आणि शेंगाची चटणी.

शेवटचा प्रश्न, मग त्रास देत नाही. कामं पुण्याला न्यायची कशी? टेम्पो परवडत नाही, आणि फॉर्मसाठी फोटो कसे काढू, ऑईलवर चमक यायलीय.

लिनसीड:
फोटो सकाळी गच्चीवर सावलीत काढ, उन्हात नाही. फ्लॅश बंद, कॅनव्हास उभा आणि कॅमेरा बरोबर मध्यावर, समांतर. मोबाईल असेल तर लांब उभी राहून टू-एक्सवर काढ, कडा वाकत नाहीत. चमक आली तर कॅनव्हास जरा पुढं कलवून बघ, आभाळाचा उजेड वरून पडत असतो तो टळतो. फिल्टर, ब्राईटनेस काही वाढवू नको, आणि फ्रेमबाहेरचं कापून टाक, मागं वाळत घातलेले कपडे दिसले नाही पाहिजेत.

न्यायचं म्हणशील तर स्ट्रेचरवरून उतरव आणि रोल कर. रंगाची बाजू बाहेर ठेवायची, आत नाही, आत ठेवली की रंगाला सुरकुत्या पडून तो उचकटतो. जाड पीव्हीसी पाईप घे, जेवढा जाड तेवढं बरं, मध्ये बटर पेपर. पूर्ण वाळलेलंच रोल करायचं, बोट लावून चिकट लागलं तर थांब. चारकोल रोल करू नको, दोन प्लायमध्ये सपाट बांध. स्ट्रेचरच्या पट्ट्या सुट्या करून बांध आणि पुण्यात पुन्हा ताण. हुतात्मा एक्स्प्रेसला सकाळी गर्दी असते, दारापाशी पाईप आडवा ठेवलास की लोक त्याच्यावर बसतात, खरंच बसतात, तेव्हा उभा धरून बस नाहीतर सीटखाली सरकव. आणि निघायच्या आधी सीसीआरटीची तारीख बघितलीस का ते सांग इथं.